पाऊलजोडी : पर्व दहावं

बोळिंज, विरार (प.)
१२ ऑक्टोबर २०२५

श्रीमती रोझमेरीताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, म्हणून आधी तीच करून देते. मी विनया. टीव्हीवरच्या ‘पाऊलजोडी’ कार्यक्रमाच्या लेखन विभागात आहे. तुमची धाकटी बहीण रोवेना आमच्याकडे नाचते. मी तुम्हाला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा ‘फोनवर मला सुचत नाही, लिहून पाठवा’ म्हणून तुम्ही ठेवून दिलात. तेव्हा बसले लिहायला. शाळेनंतर एवढं लांब पत्र मी आजच लिहीत असेन.

यंदा कार्यक्रमाचं दहावं पर्व. चॅनलला त्यानिमित्त एक जाडजूड, फोटोंनी भरलेलं पुस्तक काढायचंय आणि ‘पाऊलजोडी’चा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कार्यक्रम तुम्ही पाहताच. नट, नट्या, एखादा क्रिकेटपटू, एकदा तर एक कीर्तनकारसुद्धा, अशांना एकेक शिकलेला नाचणारा जोडीला द्यायचा आणि वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जाइव्ह असले विलायती जोडीनाच करायला लावायचे. दर आठवड्याला एक जोडी बाहेर. जिंकणाऱ्या ताऱ्यांची नावं अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहेत. त्यांना उचलून, ओढून, शिकवून जिंकवणाऱ्यांची नावं आजवर ट्रॉफीवरसुद्धा आली नाहीत. यंदा पहिल्यांदा दोघांची नावं कोरणार आहेत. रोवेना सहा पर्वं नाचली, तीनदा फायनलला पोचली. यंदा तिच्या जोडीला मालिकेतला संग्राम आहे आणि दोघं जोरात आहेत.

मला एक कोडं सुटत नाही. आमचे निम्मे नाचणारे वसईचेच कसे? जुन्या माणसांना विचारलं तर ‘तिकडे सगळे नाचतात’ एवढंच सांगतात. तुम्ही जरा सविस्तर लिहाल का? आणि रोवेनाच्या लहानपणाबद्दलही.

आपली,
विनया

*

भुईगाव, वसई
१६ ऑक्टोबर २०२५

विनया मॅडम,
नमस्कार. प्रभूची कृपा असो.

तुमचं अक्षर छान आहे. आजकाल कोणी हाताने लिहीत नाही, म्हणून मला तुमच्याबद्दल बरं वाटलं. रोवेनाला विचारलं तर म्हणाली, ‘विनया मॅडम चांगल्या आहेत, पण घाबरट आहेत.’ रागावू नका, ती सगळ्यांना असंच बोलते.

‘तिकडे सगळे नाचतात’ म्हणे! अहो, सगळे नाचत नाहीत, शिकतात. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात नवरानवरी पहिला वॉल्ट्झ नाचतात, मग आईबाप, मग गॉडपेरंट्स. पाय चुकला तर सात गावं बघत असतात आणि पुढची सात वर्षं बोलत असतात. म्हणून लग्न ठरलं की पोरं आमच्या शेजारच्या क्लेमेंटीन बायकडे दोन महिने शिकायला जातात. बाय आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, तरी खुर्चीत बसून काठी आपटून शिकवते. कोणी ‘जमीन खडबडीत आहे’ म्हणालं की ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणून तीच काठी पोटरीवर. तुमचा पहिला प्रोड्यूसर आमच्या गावातल्या एका लग्नात जेवायला आला होता, तिथे त्याने हे पाहिलं आणि बायच्या अंगणातून सहा पोरं उचलून नेली. हे तुमच्या पुस्तकात घाला. बायचं नाव नक्की घाला.

रोवेनाला मात्र पप्पांनीच शिकवलं. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, मी सतराची. मी तिला न्हाऊमाखू घातलं, पप्पांनी नाचवलं. केळीच्या बागेतून आले की अंगणात पाणी शिंपडायचे, धूळ बसली की तिचा हात धरायचे. सांगायचे, वॉल्ट्झमध्ये बाई मागे पाऊल टाकते, तिला मागचं काही दिसत नाही. नेणाऱ्याने बघायचं असतं.

पप्पा आता पलंगावरच असतात. फुप्फुसं गेलीत. ऑक्सिजनचं मशीन घरात आहे. रोवेनाला ट्रॉफीवर नाव पाहिजे, पण तिच्यापेक्षा जास्त पप्पांना पाहिजे. रोज विचारतात, ‘कोरलं का?’ मी म्हणते, ‘पप्पा, आधी तिला जिंकू तर द्या.’

तुमचा कार्यक्रम आम्ही पहिल्यापासून बघतो. पहिल्या वर्षी त्या नटाला स्टेजवरच भाऊ गेल्याची बातमी कळली तेव्हा आम्ही घरभर रडलो होतो. तेसुद्धा लिहा. लोकांना आठवत असेल.

रोवेनाला बाहेरचं खाणं सोसत नाही. तुमचा ड्रायव्हर भावेश गुरुवारी-शनिवारी डबा न्यायला येतो, त्याच्याच हाती हे पत्र देते.

रोझमेरी

*

२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोझमेरीताई,

रोवेनाचं म्हणणं खरं आहे, मी घाबरट आहे. राग वगैरे काही आला नाही.

तुमच्या पत्राने माझा अख्खा पहिला भाग उभा राहिला. क्लेमेंटीन बायचं नाव पहिल्याच पानावर घातलंय.

आता आम्ही सगळे सातिवलीला. एका मोठ्या गोडाऊनचा स्टुडिओ केलाय, बाजूच्या लॉजमध्ये मुक्काम. गेल्या वर्षी विजेत्याचं नाव आधीच फुटलं होतं, त्यामुळे यंदा फायनलपर्यंत नाचणारे काय, आम्ही लिहिणारे काय, सगळ्यांचे फोन गेटवर जमा. बाहेरची माणसं भेटायला नाहीत. डब्याची पिशवी तेवढी आत येते, कारण संग्रामनेच हट्ट धरला. तुमच्या डब्यातलं बोंबलाचं कालवण आधी तोच पळवतो. पत्रं मी पिशवीतून काढून घेते, पण रोवेनाला चिठ्ठी द्यायची परवानगी नाही. तोंडी निरोप मी पोचवीन.

तुम्ही लिहिलेला तो पहिल्या पर्वातला भाग मी शोधून पाहिला. त्याआधी सहा आठवडे कार्यक्रम कोणी बघत नव्हतं, बंद करायचं ठरत होतं. त्या नटाने रडत रडत नाच पूर्ण केला आणि पुढच्या आठवड्यात आकडे चौपट झाले. एका रडण्यावर दहा वर्षं निघाली म्हणायची. दुसऱ्या पर्वात त्या गायिकेची आई स्टेजवर आली होती, तिसऱ्यात क्रिकेटपटूचा आजार. दर वर्षी काही ना काही झालेलंच आहे. ‘अश्रू आणि पावलं’ असं प्रकरणाचं नाव ठरवलंय. कसं वाटतं?

रोवेना आणि संग्राम शेवटच्या सहा जोड्यांत आले. पप्पांना सांगा.

विनया

*

भुईगाव
१३ नोव्हेंबर २०२५

विनया,

आता मॅडम वगैरे लिहायचं त्राण नाही. मंगळवारी पहाटे पप्पा गेले. फादर आदल्या दिवशीच शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते. काल चर्चमध्ये मिस्सा झाली आणि आईच्या कबरीशेजारी ठेवलं त्यांना. सगळं गाव होतं. रोवेना नव्हती.

तिला कळवायचं नाही. हे मी तुझ्या हातापाया पडून सांगते. तुला वाटेल ही कसली बहीण. ऐक. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर काळं नेसायचं, घरात बाजा नाही, लग्नाला गेलं तरी मांडवाच्या कडेला बसायचं. नाचायचं तर नावच नाही. सख्खा बाप गेल्यावर वर्षाच्या आत नाचलेली मुलगी आमच्या गावात कोणी पाहिलेली नाही. रोवेनाला आज कळलं तर ती आज बूट काढून घरी येईल. मग यंदाची ट्रॉफी गेली, पुढच्या वर्षीची गेली, आणि तुम्ही लोक तेहतीस-चौतीस वर्षांच्या बाईला परत बोलावणार आहात का? पप्पांना तिचं नाव कोरलेलं बघायचं होतं. ते तर गेले. निदान नाव तरी राहू दे.

कळलंच नाही तर दोष नाही, असं मी फादरना विचारलं. ते म्हणाले, तिला दोष नाही. माझ्याबद्दल मी विचारलं नाही.

फायनल झाली की त्याच रात्री मी स्वतः येऊन तिला जवळ घेऊन सांगेन. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिने हे ऐकायचं नाही. भावेशला सांगू नकोस, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने माझे काळे कपडे पाहू नयेत म्हणून डबा मी क्लेमेंटीन बायच्या सुनेच्या हाती पाठवते आहे.

घरात आठवडाभर चूल पेटवायची नाही, शेजारचेच जेवण आणून देतात. पण डबा गेला नाही तर रोवेनाला संशय येईल, आणि दुसऱ्याच्या हाताची चव ती ओळखते. म्हणून आज सकाळी बायच्या घरी बसून तिच्यासाठी कालवण केलं. बाय माझ्याकडे बघत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. एवढे दिवस झाकून ठेव.

रोझमेरी

*

सातिवली
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोझमेरीताई,

काय लिहू? पत्र वाचलं तेव्हा समोरच रोवेना सराव करत होती आणि मला हाक मारून विचारत होती, ‘डब्यात काय आहे?’ मी कालवण म्हटलं.

तुम्ही म्हणता तसंच होईल. ती विचारते, ‘पप्पा कसे आहेत?’ मी म्हणते, ‘तसेच आहेत.’

एक गोष्ट मात्र मला करावी लागली. गावातून कोणी गेटवर आलं, कोणी सहज बोलून गेलं तर? म्हणून आमच्या क्रिएटिव्ह हेड तेजस्वी मॅडमना मी सांगितलं. सगळा कार्यक्रम त्याच चालवतात. त्यांना माहीत असलं तर त्या बाहेरचा वारासुद्धा रोवेनापर्यंत येऊ देणार नाहीत. ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला विचारलं, ‘हे आणखी कोणाला माहीत आहे?’ मी म्हटलं, कोणालाच नाही. ‘मग तसंच राहू दे,’ म्हणाल्या.

स्वतःला जपा. जेवत जा.

विनया

*

भुईगाव
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनया,

तुझ्या मॅडम काल घरी आल्या होत्या. मी आधी चिडले होते, तू परस्पर सांगितलंस म्हणून. पण बाई भली आहे. पप्पांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, माझा हात धरून बसली. तिचे वडीलही असेच गेले म्हणे.

आणि काय सांगू! मी पास कुठून मिळवू, आत कशी येऊ, या विवंचनेत होते. त्या आपणहून म्हणाल्या, ‘शनिवारी फायनलचं शूटिंग आहे, गाडी पाठवते. तुम्ही आतल्या खोलीत बसा. निकाल लागला की रोवेनाला तुमच्याकडे आणते, तुम्ही दोघीच.’ आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

जाताना एकच विचारलं, ‘तुम्ही वर्षभर असंच काळं घालणार का?’ मी म्हटलं, हो, आमची रीतच आहे. ‘रोवेनाला हे लगेच समजेल ना?’ मी म्हटलं, न समजायला काय, लहानपणापासून बघते आहे.

शनिवारी भेटू. तुझा चेहरा तरी बघेन.

रोझमेरी

*

सातिवली
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोझमेरीताई,

घाईत लिहिते. शनिवारी तुम्ही आला नाहीत तर बरं होईल. तिथे फार गर्दी असते, दगदग असते, शूटिंग किती लांबेल याचा नेम नाही. रोवेनाला मी स्वतः फायनलनंतर गाडीत घालून घरी आणून सोडते. घरीच सांगा तिला, पप्पांच्या खोलीत.

आणि यायचंच ठरवलं असेल तर माझं एक ऐका. काळे कपडे घालू नका. त्या दिवसापुरता एखादा साधा रंगीत ड्रेस घाला. एवढं कराच.

विनया

*

भुईगाव
२० नोव्हेंबर २०२५

विनया,

तुझं पत्र बायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘टीव्हीत चांगलं दिसत नसेल काळं.’ मलाही तेच वाटलं. तुमच्यात तेराव्याला गोड खाऊन मोकळे होतात, तुम्हाला काय कळणार. पप्पांसाठी घातलेलं काळं मी एका दिवसासाठीसुद्धा उतरवणार नाही, तुमच्या दिव्यांसाठी तर मुळीच नाही. आतल्या खोलीत मला बघणार कोण आहे?

तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी येणार, काळ्यातच येणार.

रोझमेरी

*

भुईगाव
२६ नोव्हेंबर २०२५

विनया,

तू शनिवारी मला दिसली नाहीस. कुठे होतीस तुझं तुला माहीत. मी तुला सांगते काय झालं, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या छातीवरचं ओझं हलणार नाही.

खोलीत बसवलं, चहा दिला. एक मुलगी आली, गळ्याशी एक काळं बटणासारखं लावलं, म्हणाली, आत फिरायला हे लागतं. थोड्या वेळाने तुझ्या मॅडम आल्या. ‘चला, रोवेना आत आहे. तुम्हा दोघींना एकांत दिलाय.’ दार उघडलं, मी आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांवर उजेड आला. टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, मीच चुकीच्या दारातून आले. वळले तर दार बंद.

समोर रोवेना उभी होती. पांढरा झगा, एक हात संग्रामच्या खांद्यावर, वॉल्ट्झ सुरू करायच्या तयारीत. मला बघून आधी हसली, विनया. मग तिची नजर कपड्यांवर गेली. मला तोंड उघडावंच लागलं नाही. तिने आपल्या घरच्या बोलीत विचारलं, ‘कधी?’ मी म्हटलं, ‘गेल्याच्या गेल्या मंगळवारी.’ ते त्या बटणातून सगळ्या गोडाऊनभर ऐकू गेलं. तो माईक होता, मला कुठे ठाऊक!

मग तो सूत्रसंचालक गळा दाटवून म्हणाला, ‘रोवेना आज आपल्या बाबांसाठी नाचणार.’ बाजा सुरू झाला. ती हलली नाही. हात संग्रामच्या खांद्यावर तसाच, आणि पूर्ण गाणं संपेपर्यंत एक पाऊल टाकलं नाही तिने. संग्राम कानात काहीतरी सांगत होता. पुन्हा बाजा लावला. ती खाली बसली. मी धावत गेले, तर तिने माझा हात बाजूला केला. जोरात नाही. नको असलेलं ताट सारतात तसा.

एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि रविवारी टीव्हीवर काय दाखवलं? मी दारातून आत येते. रोवेना हुंदके देते, पण तो चेहरा तिचा मागच्या महिन्यातला, अंगठा सुजला होता तेव्हाचा, केसांवरून मी ओळखला. आणि मग ती नाचते! त्याच पांढऱ्या झग्यात अख्खा वॉल्ट्झ नाचते, शेवटी वर बघते, आणि खाली अक्षरं येतात, ‘वडिलांना अखेरचा निरोप’. दुपारची रंगीत तालीम होती ती, असं रोवेनाने बायला सांगितलं. मग ट्रॉफी. नाचली नाही तरी जिंकवलंच होतं त्यांनी. दोघांची नावं कोरलेली.

गावात घराघरात बघत होते सगळे. सोमवारी मी मिस्सेला गेले तर बाकावर कोणी सरकून जागा दिली नाही. बाहेर पडताना मागून ऐकलं, ‘बाप मातीआड गेला, पण हिचे पाय काही थांबले नाहीत.’ मी वळून ओरडले, ‘नाचली नाही ती!’ त्या म्हणाल्या, ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलं.’

आता तू सांग. माझ्या पप्पांचं मरण तुझ्या मॅडमला सांगितलंस ते ठीक, अजाणता. पण काळं घालू नका, असं लिहिलंस, म्हणजे तुला माहीत होतं. मग ‘ताई, तुम्हाला स्टेजवर नेणार आहेत’ एवढं साधं वाक्य लिहायला तुझ्या हाताला काय झालं होतं?

रोझमेरी

*

बोळिंज
२ डिसेंबर २०२५

रोझमेरीताई,

मला माहीत होतं. त्या पत्राच्या आदल्या दिवशी कळलं.

‘अश्रू आणि पावलं’साठी मी जुन्या पर्वांच्या न कापलेल्या टेप बघत होते. पहिल्या पर्वातल्या त्या नटाला बातमी कळायच्या आधी कॅमेरावाल्याला कोणीतरी सूचना देताना ऐकू येतं, ‘चेहऱ्यावर राहा, आता रडेल.’ भाऊ जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. गायिकेच्या आईला मुलीने घरातून काढलं होतं, तिला आणून उभी केली होती. क्रिकेटपटूचा रिपोर्ट त्याच्याआधी आमच्या ऑफिसला आला होता. मी सगळी पर्वं बघितली. एकही वर्ष सुटलेलं नाही. हाच आमचा इतिहास आहे, दुसरा नाही. आणि यंदाच्या फायनलच्या कागदावर एक ओळ होती, ‘बहिणीची एंट्री, काळ्या कपड्यांत.’

डब्याच्या पिशव्या उघडून पत्रं बघतात, अशी कुजबुज होती. सरळ लिहिलं आणि सापडलं तर नोकरी जाईल, म्हणून मी आडून लिहिलं. तुम्ही समजून घ्याल असं मी स्वतःला पटवलं. शनिवारी मी वरच्या काचेच्या खोलीत होते. तिथून सगळं दिसतं.

माफी मागायला तोंड नाही. पण एक गोष्ट माझ्या हातात अजून आहे. पुस्तक छपाईला जायचंय आणि शेवटची प्रुफं माझ्याकडेच आहेत. छापल्यावर कोणी उघडून वाचेपर्यंत प्रती गावोगाव गेलेल्या असतील. त्या रात्री रोवेना नाचली नाही, दाखवलं ते तालमीतलं होतं, हे मी स्पष्ट लिहिते. त्या रात्रीची कापून टाकलेली टेपही माझ्याजवळ आहे, ती भुईगावात आणून चर्चच्या हॉलमध्ये लावा. नोकरी जाईल, जाऊ दे. गावाला तुमच्या बहिणीबद्दल खरं कळेल.

तुम्ही आणि रोवेना हो म्हणालात तर आजच्या आज करते.

विनया

*

भुईगाव
७ डिसेंबर २०२५

विनया मॅडम,

ताईला आलेलं तुमचं पत्र मी वाचलं. तिने टेबलावर उघडं ठेवलं होतं, मी वाचावं म्हणून. आम्ही बोलत नाही. एका घरात राहतो, ती ताट वाढते, मी जेवते, बोलत नाही.

तुम्ही खरं छापायचं म्हणता. छापू नका.

गावातल्या बायका काय बोलतात त्याचं मला काही नाही. त्या चूक बोलत नाहीत, फक्त त्यांचा दिवस चुकतो. त्या रात्री मी नाचले नाही, बरोबर. पण त्याच्या आधी? पप्पांना मातीत ठेवलं त्या दिवशी सकाळी माझी क्विकस्टेपची तालीम होती. मी एवढी हसत होते की तेजस्वी मॅडम टाळ्या वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशी जाइव्ह. त्या शनिवारी सेमीफायनल, तिन्ही परीक्षकांनी पैकीच्या पैकी दिले, आणि मी कॅमेऱ्यात बघून म्हटलं, ‘पप्पा, बघताय ना?’ तुम्ही तिथेच उभ्या होतात. तुम्ही मान हलवलीत.

बायच्या घरी केलेलं ते कालवण मी दोनदा वाढून घेतलं होतं. चांगलं झालं होतं.

फादर म्हणतात, मला कळलं नव्हतं म्हणून मला दोष नाही. माझ्या पायांना कोण सांगणार? रोज रात्री पडल्या पडल्या मी मोजत बसते, कुठला नाच कुठल्या दिवशी. पप्पा घरात पेटीत होते तेव्हा मी काय करत होते. सगळं जुळतं. वेळापत्रक होतं ना आपल्याकडे.

तुमच्या मॅडमचा मला राग येत नाही. त्यांनी मला काळं दाखवलं म्हणून मी थांबले. त्यांनी दाखवलं नसतं तर फायनलही नाचले असते, आणि तुम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या असत्या. माझ्यावर माया करणाऱ्या दोघी बायका, आणि मला थांबवलं त्या बाईने.

हे ताईला सांगू नका, ती मरेल. सांगा, नाहीतर नका सांगू. मला कळत नाही.

ट्रॉफी पलंगाखाली आहे. नाव बरोबर कोरलंय, शुद्ध. तुमच्या पुस्तकात माझं नाव असेल तिथून सगळीकडून काढा. दहाव्या पर्वात संग्राम जिंकला, एवढं पुरे. आधी लिहायचे तसंच.

परवा क्लेमेंटीन बायकडे गेले होते. जानेवारीतल्या लग्नांची पोरं शिकायला आली आहेत. बाय म्हणाली, ‘बस बाजूला.’ मी भिंतीला टेकून बसले. वर्षभर तेच करायचं आहे, नंतरचं माहीत नाही.

ताई आत्ता स्वयंपाकघरातून विचारते आहे, ‘कोणाला लिहितेस?’ दोनदा विचारलं. मी सही करते आहे.

रोवेना